पावतीपुस्तक घेऊन निघालेली माणसे

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव सोलापुरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १९३८ साली चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारले. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, आणि आज गावात त्यांचे स्मारक आहे. पण हे वैद्यकीय पथक मुंबईहून बोटीवर चढले ते कोणाच्या पैशावर, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी आवाहन केले, जुलैच्या ७ ते ९ तारखांना देशभर ‘चीन दिन’ आणि चीन निधीचे दिवस पाळले गेले, आणि सुमारे २२,००० रुपये जमले. ही रक्कम जमली म्हणजे कोणीतरी डबे घेऊन बाजारपेठेत फिरले, कोणीतरी रात्री कंदिलाशी बसून चिल्लर मोजली, कोणीतरी ती मुंबईला पोचती केली आणि वरून पोच मागवली. कोटणिसांचे चरित्र आहे, चित्रपट आहे. डबे फिरवणाऱ्यांचे काहीच नाही.

हे पुस्तक त्या दुसऱ्या माणसांविषयी आहे. सोलापूर आणि जिल्ह्यातल्या स्वयंसेवी संस्थांसाठी पैसा उभा करणाऱ्यांच्या मुलाखती, त्यांनी ठेवलेल्या नोंदी आणि त्यांच्या कामावरचे काही लेख, असे त्याचे स्वरूप आहे. काही जण अजून पावतीपुस्तक घेऊन सायकलवर फिरतात. काही जण लॅपटॉपवर प्रपोजल लिहितात आणि कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) अधिकाऱ्यांशी ऑनलाइन बोलतात. व्हिजिटिंग कार्डावर कोणी ‘फंडरेझिंग’ लिहिते, कोणी ‘निधी संकलन अधिकारी’, आणि बरेच जण काहीच लिहीत नाहीत, कारण संस्थेत त्या नावाचे पदच नसते. लिपिकाने, शिक्षकाने किंवा खुद्द संस्थापकाच्या पत्नीने इतर कामे सांभाळून हेही करायचे, असा आपल्याकडचा रिवाज.

आपल्याकडे संस्थापकाचा पुतळा होतो आणि देणगीदाराची संगमरवरी फरशी भिंतीत बसते. या दोघांना एकमेकांसमोर आणून बसवणाऱ्याला चहा मिळतो, तोही दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला ‘शेठ बाहेर गेलेत’ एवढेच ऐकायला मिळते. मागणे आपण हलके मानतो. संन्याशाने मागितले तर ती भिक्षा, आणि तिला मान. संसारी माणसाने दुसऱ्यासाठी मागितले तर ‘यात याचा वाटा किती?’ हा संशय. वर्गणी खाल्ल्याच्या खऱ्या-खोट्या कहाण्या गावोगाव ऐकू येतात, तेव्हा संशय अगदी निराधार आहे असेही म्हणता येत नाही. पण त्यापायी एका जुन्या आणि अवघड कसबाकडे आपण शंभर-सव्वाशे वर्षे नीट पाहिलेलेच नाही.

या कसबाचा नकाशा काढायचा तर सोलापूर हे ठिकाण सोयीचे आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषांच्या गावात देण्याच्या चार रीती शेजारी-शेजारी नांदतात. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव आणि मंदिरे उभारली, तेव्हा या गावाचे नाव सोन्नलगी होते. बसवण्णांचा मंगळवेढ्याशी संबंध होता, आणि त्यांच्या ‘कायक’ व ‘दासोह’ या कल्पना, म्हणजे कष्टाने मिळवावे आणि मिळालेले समाजात वाटावे, इथल्या लिंगायत घरांत आजही बोलण्यात येतात. त्याच मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे खुली केल्याची कथा तर प्रत्येक कीर्तनात आहे. जैन व्यापाऱ्यांनी शाळा, आश्रम, ग्रंथमाला चालवल्या. हिराचंद नेमचंद यांच्या नावाचे वाचनालय आणि जीवराज गौतमचंद दोशी यांच्या देणगीतून उभी राहिलेली जीवराज जैन ग्रंथमाला ही ठळक उदाहरणे. आंध्र-तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली समाजाने आपल्या शिक्षण संस्था स्वतःच्या वर्गणीवर उभ्या केल्या. मुस्लिम मोहल्ल्यांत रमजानमध्ये जकातीचा हिशेब होतो, बचतीच्या अडीच टक्क्यांचा, आणि तो पैसा कुठे खर्चायचा याचे धार्मिक नियम मागणाऱ्याला ठाऊक असावे लागतात.

आणि बाजारपेठेतला ‘धर्मादा’. आडतीवर, पेढीवर सौदा झाला की बिलात काही पैसे धर्मादा म्हणून वेगळे धरायचे आणि ते गोशाळा, पांजरापोळ, पाणपोई यांना द्यायचे, ही रीत भारतभर होती. हा पैसा व्यापाऱ्याचे उत्पन्न की नाही, असा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात निकाल लागला, की धर्मादा हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे. त्याच्याकडे तो पैसा ठेव म्हणून असतो. वर्गणी मागणाऱ्यांनी हा निकाल वाचलेला नसतो, पण त्याचे तत्त्व त्यांना पक्के माहीत असते. अमुक पेढीवर धर्मादा साठला आहे, तो यंदा कुठे गेला नाही, मालक स्वतः देणार नाही पण मुनीमजींनी आठवण केली तर देईल, ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. एका माणसाच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबर जाते.

आधुनिक अर्थाने संस्था काढायची आणि तिच्यासाठी अनोळखी माणसांकडे पैसा मागायचा, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातली. १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा आला आणि सभा, समाज, मंडळ्या यांना कायदेशीर देह मिळाला. पंढरपुरात प्रार्थना समाजाने टाकलेल्या अर्भकांसाठी आणि अनाथांसाठी आश्रम काढला, तो १८७५ च्या सुमारास. वारीच्या गावात, परंपरेच्या नाकासमोर, लोकांना न आवडणाऱ्या कामासाठी पैसा मागणे किती कठीण गेले असेल याची कल्पना करावी. मिशनऱ्यांनी दुसरी रीत आणली. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा होत्या, आणि इथल्या मुलामुलींची हकिकत बोस्टनच्या मासिकांत छापून यायची, ती वाचून तिकडची चर्चे पैसे पाठवायची. आज संस्था देणगीदाराला जो वार्षिक अहवाल फोटोंसकट पाठवतात त्याचा हा पूर्वज. त्यातला दोषही तेव्हापासूनचाच: पैसा यावा म्हणून आपल्या मुलांचे दैन्य थोडे जास्त काळे रंगवायचे.

पंडिता रमाबाईंनी हे तंत्र आतून पाहिले आणि उलटे वापरले. १८८७ साली बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. एक मराठी विधवा अमेरिकेत व्याख्याने देत फिरते, पुस्तक लिहून विकते, गावोगाव मंडळे बांधते आणि एकदाच मोठी देणगी न मागता दहा वर्षांचा करार मागते. आजच्या भाषेत याला ‘मल्टी-इयर कमिटमेंट’ म्हणतात आणि ती मिळावी म्हणून संस्था कंपन्यांचे उंबरे झिजवतात. रमाबाईंच्या अमेरिका-वर्णनाच्या पुस्तकात तिकडच्या लोकांच्या संस्था कशा चालतात याकडे त्यांचे बारीक लक्ष दिसते, ते उगीच नाही.

पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या इतिहासात टिळक, आगरकर, गोखले यांची नावे घेतली जातात. महादेव बल्लाळ नामजोशी मात्र तळटीपेत जातात. संस्थानिकांकडे खेटे घालून सोसायटीसाठी पैसा आणण्यात त्यांचा मोठा हात होता. पुढे गोखल्यांनीही फर्ग्युसनच्या इमारतीसाठी आपल्या सुट्ट्या गावोगाव वर्गणी मागण्यात घालवल्या. त्यांच्या चरित्रांत हे दोन ओळींत उरकलेले असते. विधिमंडळातल्या त्यांच्या आकडेवार भाषणांना जी धार होती ती त्या दारोदारच्या सुट्ट्यांत लागली असावी, असे मला वाटते. समोरच्याचे मन ओळखून बोलणे आणि आकडा चुकू न देणे, दोन्ही तिथे शिकायला मिळते.

याच काळात दुसरी वाट निघाली. बड्यांकडे जाण्यापेक्षा सगळ्यांकडे जायचे आणि प्रत्येकाकडून इतके थोडे घ्यायचे की नाही म्हणायला लाज वाटावी. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून ‘पैसा फंड’ काढला. टिळकांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने, जी १९१९ मध्ये सुरू झाली, घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहे चालवली. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मला ती सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते. बाईचे मंगळसूत्र विकले जाते तेव्हा संस्थेच्या पैशाची घडी बसलेली नसते, हाही तिचा अर्थ आहे, आणि तो सोडून आपण फक्त त्याग उचलतो. बार्शीत मामासाहेब जगदाळ्यांनी १९३० च्या दशकात काढलेले बोर्डिंग याच वळणाचे. त्या भागात शेतकऱ्याच्या घरातला शिकलेला पहिला माणूस बऱ्याचदा त्या बोर्डिंगमधून गेलेला असतो.

पार्वतीबाई आठवले यांच्याविषयी जरा थांबून लिहिले पाहिजे, कारण माझ्या मते मराठीतल्या निधी संकलनाचे पहिले खरे आत्मचरित्र त्यांचे आहे. महर्षी कर्व्यांची ही मेहुणी. लहानपणी शिक्षण नाही, विधवा झाल्यावर केशवपन झालेले. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. पार्वतीबाई त्यासाठी गावोगाव फिरू लागल्या. अनोळखी गावात सभा भरवायच्या, बायकांशी वेगळे बोलायचे, विरोधकांचे टोमणे ऐकायचे, रक्कम मोजून पुण्याला पाठवायची. इंग्रजी नसल्याने अडते असे दिसल्यावर १९१८ मध्ये, पंचेचाळिशी ओलांडलेली असताना, त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून भाषा शिकल्या. एवढ्या खटाटोपातून आश्रमासाठी पैसाही आणला. १९२८ च्या ‘माझी कहाणी’त त्यांनी हे सगळे लिहिले आहे. आज आपण ज्याला व्यावसायिक प्रशिक्षण म्हणतो, म्हणजे आपल्यात काय कमी आहे ते ओळखून ते मुद्दाम मिळवणे, ते या बाईने स्वतःच्या हिमतीवर केले. कर्वे स्वतः १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, आपल्या महिला विद्यापीठासाठी युरोप, अमेरिका, जपान आणि पुढे आफ्रिका फिरून आले. त्या विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींचे १५ लाख रुपये १९२० मध्येच मिळाले होते. मोठी देणगी मिळाली की मागणे संपते, असे ज्यांना वाटते त्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

गाडगेबाबांना या मालिकेत बसवावे की नाही, यावर संपादकांशी माझी चर्चा झाली. कीर्तनातून लोकांना हलवून पैसा उभा करायचा, त्यातून धर्मशाळा बांधायच्या, आणि स्वतः मात्र फुटके गाडगे आणि चिंध्या यांपलीकडे काही ठेवायचे नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. असा संतपणा वेतनाच्या चर्चेत अडचणीचा होतो. संस्थेचे विश्वस्त हमखास म्हणतात, ‘गाडगेबाबा काय पगार घेत होते?’ बाबांना मुलाची शाळेची फी आणि घरभाडे भरायचे नव्हते, हे उत्तर देण्याचे धैर्य नोकरीतल्या माणसाकडे नसते.

रंगभूमीने दिलेला हात खास मराठी म्हणावा असा. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. पुढे ‘मदतीचा प्रयोग’ हा शब्द प्रत्येक नाट्यगृहाच्या फलकावर दिसू लागला. १९८० च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारायला घेतला आणि त्यासाठी नामवंत कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले. या निधीतून पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची कल्पना होती. इमारत, यंत्र, वसतिगृह यांसाठी निधी जमतो. माणसाच्या महिन्याच्या खर्चासाठी लोकांनी पैसे द्यावेत असे उघड मागणे, आणि प्रेक्षकांनी ते तिकीट काढून देणे, हे महाराष्ट्रात घडले आहे. या विषयावर बोलताना मी नेहमी या उदाहरणाकडे परततो.

१९७२ च्या दुष्काळाने सोलापूरची जमीन आणि संस्थाजगत दोन्ही बदलले. परदेशी साहाय्य संस्था खेड्यांत आल्या आणि ‘प्रकल्प’ हा शब्द आला. वर्गणी मागणाऱ्याला आता तीन वर्षांचे अंदाजपत्रक, उद्दिष्टे आणि मूल्यमापन इंग्रजीत लिहावे लागू लागले. परदेशी पैशावरून पुरोगामी चळवळीत दोन तट पडले. एका तटाला त्यात परावलंबन दिसे, दुसरा म्हणे की भुकेल्याला पैशाचा रंग दिसत नाही. सरकारने १९७६ मध्ये परकीय देणगी नियंत्रण कायदा केला, २०१० मध्ये तो नव्याने केला आणि २०२० मध्ये आणखी आवळला. परदेशातला सगळा पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर, आणि मोठ्या संस्थेने लहान संस्थेला तो पैसा पुढे द्यायला बंदी. या शेवटच्या तरतुदीचा फटका खेड्यातल्या लहान संस्थांना सर्वाधिक बसला, कारण त्यांच्यापर्यंत पैसा मोठ्यांच्या हातूनच येत होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मदतीचे ट्रक सोलापूरवरूनही गेले. त्या काही महिन्यांत इथल्या संस्थांनी एक धडा घेतला. आपत्तीत पैसा मागावा लागत नाही, तो अंगावर येतो. प्रश्न सहा महिन्यांनी सुरू होतो, वर्तमानपत्रांनी पान उलटल्यावर. ज्या संस्थांकडे त्या काळात देणगीदारांची नावे, पत्ते आणि कशासाठी दिले याची नोंद ठेवणारा माणूस होता, त्यांचे काम पुढेही चालू राहिले. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने किंवा हराळीला ज्ञान प्रबोधिनीने जे काम टिकवले, त्यामागे वर्षानुवर्षे पत्रे लिहिणारे, पोच पाठवणारे हात आहेत.

जगात या कामाचा पेशा झाला तो अमेरिकेत. १९०५ मध्ये वॉशिंग्टनला वाय.एम.सी.ए.च्या इमारतीसाठी चार्ल्स वॉर्ड आणि लायमन पियर्स यांनी ठराविक दिवसांत ठराविक रकमेची मोहीम चालवली, तेव्हापासून मोहिमेचे शास्त्र बनत गेले. १९६० मध्ये तिथे निधी संकलकांची राष्ट्रीय संघटना निघाली, १९७४ मध्ये हँक रोसो यांनी सॅन फ्रान्सिस्कोला शाळा काढली, १९८१ पासून परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणे सुरू झाले. त्या संघटनेच्या आचारसंहितेतले एक कलम मला फार महत्त्वाचे वाटते: जमवलेल्या रकमेवर टक्केवारी घ्यायची नाही. पगार घ्यावा, बोनस घ्यावा, कमिशन घेऊ नये. आपल्याकडे बरोबर उलट चालते. पगार द्यायला विश्वस्त तयार नसतात, पण ‘आणाल त्याच्या दहा टक्के तुमचे’ म्हणायला त्यांना काही वाटत नाही. मग मागणारा देणगीदाराला काय सांगेल, कोणती आश्वासने देईल, पुढच्या वर्षी त्या घरी पुन्हा जायला तोंड राहील का, याचा विचार कोण करणार?

भारतात ‘क्राय’ने १९७९ पासून शुभेच्छापत्रे विकून आणि ‘हेल्पएज’ने शाळांमधून या कामाला वेगळे वळण दिले. २००० नंतर इंटरनेटवरून देणगी घेणारे मंच आले, मुंबई मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या मागे देणगीदार उभे राहू लागले. मराठी वाचकाला सगळ्यात जवळचे उदाहरण ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रमाचे. २०११ पासून गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख छापून येते आणि वाचक धनादेश पाठवतात. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानने जी सवय लावली, म्हणजे चांगले काम शोधून आपणहून द्यायचे, तिला या उपक्रमाने हजारो सामान्य घरांपर्यंत नेले. त्या दहा संस्थांत नाव यावे म्हणून आपली हकिकत नीट लिहून काढणारा माणूस तरीही संस्थेत कोणीतरी लागतोच.

आता हा विषय का? कारण नियम बदलले आहेत आणि माणसे बदललेली नाहीत. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता (नेट वर्थ), १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्या कंपन्यांनी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे आहेत. कायदा सांगतो की कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे. मोठ्या कंपन्यांचा परिसर मुंबई, पुणे, ठाणे. गिरण्या बंद पडलेल्या, चादरी-टॉवेलच्या छोट्या कारखान्यांच्या आणि विडी वळणाऱ्या हजारो बायकांच्या सोलापुरात अशा कंपन्या मोजक्या. जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत, पण त्यांच्या उसबिलातल्या कपातीवर कोणाचा हक्क चालतो हे सांगायला नको. म्हणजे सोलापूरच्या संस्थेला पुण्या-मुंबईत जाऊन पुण्या-मुंबईच्या संस्थांशी स्पर्धा करायची आहे, आणि तीही इंग्रजीतून.

कागदपत्रांचे ओझे वेगळे. धर्मादाय आयुक्तांकडचे हिशेब आणि चेंज रिपोर्ट, दर पाच वर्षांनी प्राप्तिकराच्या ८०-जी सवलतीचे नूतनीकरण, सीएसआरसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, आणि २०२१-२२ पासून प्रत्येक देणगीदाराचा पॅन किंवा आधार घेऊन विवरणपत्र भरायचे. गांधी चौकातला कापडवाला ११०० रुपये देतो आणि पॅन मागितला की म्हणतो, ‘राहू द्या, पावतीच नको.’ हा प्रसंग पुस्तकातल्या अनेक मुलाखतींत वेगवेगळ्या तोंडून येतो. हिशेब शुद्ध राहावा म्हणून केलेला नियम प्रामाणिक लहान देणगीदाराला दूर करतो, याची नोंद धोरण आखणाऱ्यांनी घ्यायला हवी.

सीएसआर नियमांतल्या ५ टक्क्यांच्या मर्यादेविषयीही इथे लिहून ठेवतो, कारण तिच्यापायी अनेकांचे पगार बुडाले आहेत. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. बऱ्याच कंपन्यांचे अधिकारी ती संस्थेच्या खर्चालाच लावतात, आणि संस्था मुकाट मान्य करते. मग हिशेबनीस, लेखन करणारा, निधी आणणारा, यांचा पगार कुठून द्यायचा? तो शिक्षकाच्या किंवा समन्वयकाच्या नावाखाली दडवला जातो. प्रामाणिक माणसाला कागदावर खोटे बोलायला लावणारी ही व्यवस्था आहे. ‘तुमच्या देणगीचा प्रत्येक रुपया थेट गरजूंपर्यंत’ अशी जाहिरात करणाऱ्या संस्थांनीही यात भर घातली आहे. तो रुपया चालत जात नाही. कोणीतरी नेतो, आणि नेणाऱ्यालाही संध्याकाळी घरी भाजी न्यायची असते.

प्रशिक्षणाची सोय आता आहे, पण ती दिल्ली-बंगळुरूला, इंग्रजीत आणि सोलापूरच्या संस्थेला न परवडणाऱ्या शुल्कात. तुळजापूरला, आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर, टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे. सोलापूरला विद्यापीठ आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात निधी संकलनाला जेमतेम एखादे प्रकरण मिळते. देणगीदाराशी कसे बोलावे, नकार कसा घ्यावा, लाभार्थी मुलीचा फोटो कधी वापरू नये, चुकीच्या माणसाचा पैसा कसा परत करावा, हे कुठल्याच वर्गात शिकवले जात नाही. जुनी माणसे शिकवू शकतील, पण त्यांना कोणी बोलावत नाही.

या पुस्तकाने ते काम अंशतः केले आहे. यशाच्या युक्त्यांची यादी त्यात नाही, हे मला सर्वाधिक आवडले. मुलाखती देणाऱ्यांना जसे बोलायचे होते तसे बोलू दिले आहे. कानडी वळणाची मराठी, तेलुगू वळणाची मराठी, दखनी, सगळे जसेच्या तसे आहे. अनेकांनी नाव न छापण्याची अट घातली, आणि ती पाळली आहे. पगाराचे आकडे सांगितलेले आहेत, आणि ते वाचून लाज वाटते. स्त्रियांच्या मुलाखती वेगळ्या लक्ष देऊन वाचाव्यात. एकट्या बाईने एखाद्याच्या कार्यालयात पैसे मागायला जाणे म्हणजे काय, हे पार्वतीबाईंपासून फार बदललेले नाही.

माझा एक आक्षेपही आहे. जकात आणि मोहल्ल्यातल्या संस्था यांना इथे मिळालेली पाने अपुरी आहेत. चार भाषांच्या गावाचे पुस्तक तीन भाषांकडे झुकले आहे. पुढच्या आवृत्तीत हे भरून निघावे. धार्मिक देवस्थानांचा पैसा जाणीवपूर्वक बाहेर ठेवला आहे, तो निर्णय मला पटतो. अक्कलकोटचे अन्नछत्र किंवा पंढरपूरची देणगी पेटी यांचे शास्त्र वेगळे आहे. तिथे माणूस नवस फेडायला येतो, त्याला कोणी शोधत जात नाही.

वाचकांत संस्थांचे विश्वस्त असतील, त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली अशी, की पुढच्या अंदाजपत्रकात निधी संकलकाचा पगार त्याच नावाने, उघड, स्वतंत्र रकान्यात लिहा. देणगीदाराने विचारले तर सांगा. बहुतेक जण समजून घेतात, आणि जे घेत नाहीत त्यांना हे पुस्तक द्या. दुसरी गोष्ट जुन्या दप्तराची. संस्थेच्या माळ्यावर पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती पडल्या असतील, कोणी कुठल्या गल्लीतून किती आणले याच्या वह्या असतील. ऑडिटची मुदत संपली म्हणून त्या रद्दीत घालू नका. वह्यांवर ज्यांची अक्षरे आहेत त्यांतले काही जण अजून हयात आहेत. त्यांना बोलावून घ्या, आणि ते सांगतील ते लिहून ठेवा.